जाऊन घेऊन येणे

"परत जा," कारखानीस सर म्हणाले, "आणि या खेपेला रिकाम्या हातानं जा."

मी तपकिरीची डबी पुन्हा कपाटावर ठेवली, त्यांच्या टेबलापाशी आले, तिथून रिकाम्या हातानं कपाटापर्यंत गेले, डबी उचलली आणि आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली, डोळे मिटले, शिंक आली नाही म्हणून जरा हिरमुसले.

"कळला फरक?"

"नाही सर."

"मघाशी डबी तुझ्या हातात होती. तू नुसती माझ्याकडे आलीस. ते 'ब्रिंग'. आत्ता तू इथून निघालीस, तिथं गेलीस, डबी घेतलीस, परत आलीस. जाण्याची खेप तुझी, येण्याची खेपही तुझी. ते 'फेच'. आपण दोन्हीला 'आण' म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रज एरवी कसाही असो, एवढ्या बाबतीत काटेकोर. कोणी किती चालायचं ते क्रियापदातच सांगून ठेवतो. लिही, जाऊन घेऊन येणे."

साताऱ्याला एका वाचनालयाच्या माडीवर आमचं कोशमंडळ होतं. मंडळ म्हणजे मोठं नाव. खरं तर कारखानीस सर, मी आणि बुटांची अडीचशे खोकी. खोक्यांत चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचे अर्थ, त्याचं मूळ आणि वापराची उदाहरणं. इंग्रजी-मराठी मोठा कोश करायचं सरांनी तरुणपणी मनावर घेतलं होतं. साठी उलटली तेव्हा ते 'एफ'ला पोचले होते. क्रियापद करून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लिहायचा नाही हा त्यांचा नियम. माझ्याआधी पेंढारकर म्हणून एक गृहस्थ तिथं होते, ते 'क्रॉल'च्या दिवशी नोकरी सोडून गेले असं मी ऐकलं होतं.

मी तेवीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि आठ महिने माहेरी बसून होते. म्हणजे लग्न झालेली, मंगळसूत्र गळ्यात, नवरा कराडला धडधाकट, आणि तरी माहेरी. साताऱ्यात ओळखीच्या बायका मला गाठून "काय गं, अजून इथंच?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता आपसांत नजर मिळवायच्या.

भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं. माझी आई एकाएकी गेली. निरोप आला तशी मी शेजारच्या काकूंबरोबर धावत आले. तेराव्याला कराडहून हे आणि सासूबाई आल्या. निघताना सासूबाई म्हणाल्या, "येतेस ना?" तर आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "राहू दे महिनाभर. घर मार्गी लागलं की पाठवतो." आईवाचून आबांना घरातली काडेपेटी सापडत नव्हती. मी राहिले. महिना झाल्यावर आबांनी कराडला कार्ड टाकलं, 'शरयूला न्यायला यावे.' उलट टपाली उत्तर आलं, 'आम्ही तेराव्याला न्यायलाच आलो होतो. ठेवून तुम्ही घेतलीत. आता आणून सोडावी.'

झालं. तिथं घोडं पेंड खायला लागलं. आबा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, कागदावर अडायचं त्यांच्या रक्तात होतं. "ज्यांची सून त्यांनी न्यायला यायचं," ते म्हणायचे. "मुलगी आणून टाकायला ती काय जड झालीय मला?" तिकडे सासूबाईंचं म्हणणं, ज्यानं ठेवून घेतली त्यानंच पोचती करायची. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच ते मिटत नव्हतं. एक जण जरी चुकीचा असता तरी कुणीतरी मध्ये पडून समजूत घातली असती.

यांची पत्रं सुरुवातीला लांबलचक यायची. हे कराडला शाळेत भूगोल शिकवायचे, पत्राच्या समासात कृष्णा-कोयनेचा संगम काढायचे आणि घाटावर एक टिंब देऊन 'आपण इथं बसायचो' असं लिहायचे. मग पत्रं लहान झाली. मग नकाशा गेला. शेवटच्या पत्रात होतं, 'आईचं म्हणणं मला सगळं पटतं असं नाही, पण तिच्या शब्दाबाहेर जाववत नाही. आबांनीच काही मार्ग काढावा.' त्याला दोन महिने झाले होते. आमचा संसार सगळा अकरा महिन्यांचा. संध्याकाळी घाटावर बसून हे मला ऊस सोलून द्यायचे, कांड्या बोटभर करायचे, कारण माझी एक दाढ दुखायची. त्या माणसाची मला इतकी आठवण यायची की मी वाचनालयाच्या जिन्यात थांबून दोन मिनिटं पदर तोंडाला लावून रडून घ्यायचे आणि मग वर जाऊन 'एफ'ची खोकी उघडायचे.

अशात माझ्याकडे 'फेच' आलं.

त्या शनिवारी सरांनी मला जुन्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून उतरवलेली उदाहरणं लावायला दिली. चाळीसेक होती. मी काय काय 'फेच' केलं जातं ते बघत गेले. पाणी होतं, सरपण होतं, शाल, खुर्ची, मालकाची काठी आणणारा कुत्रा होता. लिलावात घोड्याला चांगली किंमत आली, तिथंही हेच क्रियापद. उसासा टाकायलाही कुणी एके काळी तेच वापरलं होतं. डॉक्टरला आणायला माणूस धाडला होता, सुईणीला धाडला होता. आणि एका जुन्या पत्रातलं वाक्य होतं, कुणी साहेब आपल्या बायकोला तिच्या आईच्या घरून आणायला गेला होता. ती चिठ्ठी मी वर ठेवली.

सरांनी ती पाहिली. "हं. म्हणजे त्यांच्यातही जावं लागतं."

"गेला तरी सर तो."

सर आबांचे जुने स्नेही, त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी एक जाडजूड पुस्तक ओढलं आणि मूळ सांगायला सुरुवात केली. "जुन्या इंग्रजीत 'फेतियन'. पंडितांचा कयास असा की याच्या मुळाशी पाय आहे. पाऊल. आपलं संस्कृत 'पद' त्याच कुळातलं. कयास आहे हां, तसं लिही, छातीठोक लिहू नकोस. आणि त्या 'फेतियन'चा एक अर्थ बघ, विवाह करणे."

"म्हणजे बायको आणणे?"

"आपणसुद्धा सून आणतोच की." ते हसले, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. "उदाहरण काय लिहिलंस तू?"

प्रत्येक अर्थाखाली एक उदाहरण आपण रचून घालायचं असा रिवाज होता. मी चिठ्ठी पुढे केली. वाक्य इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर, 'तिला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.'

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. लाल शाई घेतली आणि हळूच, अगदी पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ वाक्यावर मारली.

"वाक्यात चूक नाही. पण कोशातलं उदाहरण असं असावं, शरयू, की वाचणाऱ्यानं मग पुढं काय झालं असं विचारू नये. विहिरीवरून पाणी आणलं. बास. पाणी आलं, विषय संपला. तुझं वाक्य वाचून मी विचारणार, मग?"

"मग काही नाही सर."

"म्हणूनच नको."

त्यांनी स्वतःच्या हातानं विहीर लिहिली. मी दौतीचं झाकण लावत होते. लावता लावता विचारलं, "सर, ज्याला आणायचं तोच आपल्या पायांनी चालत आला तर?"

"तर हे क्रियापद गळालं. नुसतं येणं झालं ते. साधं 'कम'." त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. "ते 'सी'मध्ये. ते खोकं तू यायच्या आधीच बांधून टाकलं."

रविवारी दुपारी मी आबांना वाढत होते. आठ महिन्यांत आबांनी अंग धरलं होतं. आई असताना कधी नाही ते आता पानात मीठ कुठल्या बाजूला हवं हे सांगायला लागले होते.

"आबा, मला सोडून या ना कराडला. दसऱ्याच्या आधी."

"सोडून?" त्यांनी घास खाली ठेवला. "मी जाऊन त्यांच्या दारात उभा राहू, ही घ्या तुमची सून म्हणून?"

"त्यात काय झालं?"

"तुला नाही कळायचं. आज मी नमलो की जन्मभर तुला खाली मान घालायला लावतील. तुझ्याचसाठी धरून बसलोय मी." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि इथं काय कमी आहे गं तुला? नोकरी आहे. मी आहे."

मला तेव्हा एकदम दिसलं की आबांना कराडहून कुणी येऊच नये असं वाटत होतं. त्यांना स्वतःला ते माहीत होतं की नाही कोण जाणे. मला त्यांचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. ताकाचं भांडं पुढे केलं आणि मनात ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी आबांना सांगितलं, कामावर जाते. सरांना चिठ्ठी धाडली, आबांना बरं नाही. एका पिशवीत एक साडी आणि फणी-करंड्याचा डबा घातला आणि कराडची एस. टी. पकडली. लग्न झालेली मुलगी सासरी एकटी जात नव्हती तेव्हा. बरोबर कुणीतरी असायचंच, भाऊ, काका, निदान शेजारचा कुणी म्हातारा. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडं निघालात?" मी म्हटलं, "घरी." ती म्हणाली, "माहेरी व्हय?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

स्टँडवरून घर दहा मिनिटांचं. ती दहा मिनिटं मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन अशी भराभर चालले की पायाखाली काय आलं ते मला सांगता येणार नाही. दारात सासूबाई राजगिरा निवडत होत्या. नवरात्राचे उपास चालू होते. सावली पडली तसं त्यांनी वर पाहिलं. मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मग थोडं वाकून गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"कोण आलंय सोडायला?"

"कुणी नाही."

"म्हणजे?"

"माझी मी आले, आई."

त्या उठल्या. सूप बाजूला ठेवलं, हात झटकले. "आत ये," म्हणाल्या. मला माजघराच्या अलीकडे पाटावर बसवलं आणि गूळ-पाणी आणून पुढे ठेवलं. गूळ-पाणी पाहुण्याला देतात. सुनेनं आत जाऊन आपल्या हातानं माठातलं घ्यायचं असतं. मी त्या गुळाच्या खड्याकडे बघत बसले.

"आबांना ठाऊक आहे?"

"नाही."

"अगंबाई." त्या समोर बसल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "शरयू, मी तुला हाकलत नाही. घर तुझंच आहे. पण उद्या कुणी विचारलं, सून कधी आली, कुणाबरोबर आली, तर काय सांगू? भांडून पळून आली म्हणू? की टाकली होती ती निर्लज्जासारखी परत आली म्हणू? ह्याच गल्लीत तुला पन्नास वर्षं काढायची आहेत. पहिल्या दिवशी तोंडाला लागतं ते कायमचं लागतं."

"लागू दे."

"तू म्हणशील लागू दे. मी अशीच आले होते एकदा." एवढंच म्हणून त्यांनी राजगिऱ्याचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

शाळेच्या मधल्या सुट्टीत हे घरी यायचे. चपला दारात वाजल्या आणि हे उंबऱ्यात उभे राहिले. माझ्याकडे पाहिल्यावर यांचा चेहरा जो उजळला, तो मी अजून विसरलेले नाही. आठ महिन्यांचे उपासतापास त्या एका क्षणात फिटले. आपण आलो ते शंभर टक्के बरोबर केलं असं मला वाटलं. मग यांनी आईकडे पाहिलं.

माय-लेकांचं स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. हे बाहेर आले ते माझी पिशवी हातात घेऊन.

"चल."

"कुठं?"

"सांगतो. चल आधी."

मला वाटलं घाटावर नेताहेत. गल्लीच्या टोकाशी डावीकडे वळायच्या ऐवजी हे उजवीकडे वळले तेव्हा कळलं की स्टँडवर चाललोय. हे पुढे, मी चार पावलं मागे, कुणी पाहिलं तर ओळखीचं वाटू नये म्हणून.

"ऐक," स्टँडवर आडोशाला उभे राहून हे म्हणाले. डोळ्यांत नुसता आनंद होता, तेच मला समजेना. "आई तयार झाली. तू आलीस ना, म्हणून विरघळली. गुरुवारी दसरा, मुहूर्तसुद्धा बघायला नको. अप्पामामाला घेऊन मी साताऱ्याला येतो. नारळ, साडी, सगळं रीतसर. तुला मानानं घेऊन येतो."

"मी आलेच आहे की."

"ही काय येण्याची रीत झाली?"

"मग आता मला परत पाठवताय?"

"पाठवत नाही गं. न्यायला येतोय. त्यासाठी तू तिथं असायला नको का?"

हे भूगोलाचे मास्तर. यांना ते अगदी सरळ वाटत होतं.

"अहो, मला मान नकोय. मला घर हवंय. आज इथं ठेवून घ्या. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, दोन दिवस म्हणतील."

"दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे," हे म्हणाले. "आठ महिने काढलेस, दोन दिवस निघत नाहीत? तुझ्याचसाठी करतोय मी हे."

तुझ्याचसाठी. आबाही तेच म्हणाले होते. सासूबाईंच्या बोलण्याचा अर्थही तोच. तीन माणसं माझ्याचसाठी झटत होती आणि मी पिशवी घेऊन स्टँडवर उभी होते.

"मग असं करा," मी शेवटचं म्हटलं, "इथवर आलात तसे बसमध्ये बसा. साताऱ्याला उतरू, आबांच्या दारापर्यंत या, आणि म्हणा, न्यायला आलोय. अर्ध्या तासात परत फिरू."

यांनी घड्याळ बघितलं. "अडीचला नववीचा तास आहे."

सातारा गाडी लागली. यांनी आत चढून मला खिडकीची जागा धरून दिली, पिशवी मांडीवर ठेवली, खाली उतरून दोन पेरू घेतले आणि खिडकीतून दिले. मग गजाला धरून अगदी हळू म्हणाले, "आणि हे बघ, आज तू आली होतीस हे कुणाला बोलू नकोस. आबांनाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि आई?"

"आई कशाला सांगेल?"

कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली. हे गाडीबरोबर थोडं चालत आले आणि हात हलवत उभे राहिले. मी रडले नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. रडले. उंब्रज येईपर्यंत रडले. पेरू शेजारच्या बाईच्या पोराला दिले.

गुरुवारी हे आले. अगदी शब्दाप्रमाणे आले. अप्पामामांनी रेशमी काठाचं उपरणं घेतलं होतं. आमच्याकडे आईचं वर्ष सरायचं होतं, सण नव्हता, तरी आबांनी कोर्टाचा काळा कोट घातला आणि ओसरीवर हुकूमनामा द्यायला बसल्यासारखे बसले. मामा म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. सुनेला न्यायला आलोत." आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांची लढाई जिंकली होती त्यांनी. "बघ," असं त्यांच्या डोळ्यांत होतं, "म्हटलं नव्हतं?" मी मान हलवली. यांनीही माझ्याकडे पाहिलं, चोरून. त्यांच्याही डोळ्यांत तेच होतं.

मी नमस्कार करायला वाकले तेव्हा आबांनी मला उठवलं आणि आत नेलं. मला वाटलं काही सांगायचंय. ते फळीकडे बघत म्हणाले, "शरू, साखरेचा डबा कुठं असतो ते एवढं दाखवून जा." मी दाखवला. चहाचा दाखवला, पोह्यांचा दाखवला. मग त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन पाहुण्यांशी मोठ्यानं बोलायला लागले.

कोशमंडळात मी पुन्हा गेले नाही. सर 'एम'पर्यंत पोचले आणि गेले. खोकी कुणी नेली, मला माहीत नाही.

संसार चांगला झाला. खोटं कशाला सांगू, यांनी मला कधी दुखवलं नाही. दोन मुलं झाली, घर बांधलं, घाटावर जाऊन बसणं यांना गुडघे धरेपर्यंत चालू होतं. आणि आमच्या घराण्यात यांचं नाव झालं. बायकोला न्यायला गेलेला माणूस म्हणून. कुणाच्या लग्नानंतर कुरबूर झाली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, की यांना बोलवायचे आणि हे आपली हकिगत सांगायचे. पहिल्या वर्षी ती अशी होती, आईला समजावलं आणि अप्पामामाला घेऊन गेलो. मग ती झाली, आईला स्पष्ट सांगितलं, मी चाललो. पुढे अप्पामामा गळाले. त्यानंतर सासऱ्यांनी दार लावून घेतलं होतं आणि यांनी ओसरीवर ठाण मांडलं होतं असं झालं. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "नशीब काढलंत हो वहिनी." मी हसायचे. सांगणाऱ्याला रंग चढला की चढतो, त्यात काय एवढं असं म्हणायचे.

पण हे सांगत असताना सासूबाई कधी यांच्याकडे बघायच्या नाहीत. भाजी निवडत असल्या तर भाजीकडे बघायच्या. एकदाच, कुठल्याशा बारशाला, त्यांनी मान वर केली आणि आमची नजर भेटली. त्यांनी मुठीतले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. त्या गेल्या तेव्हा मी इतकी रडले की लोक म्हणाले, सासू-सुनेचं काय गूळपीठ होतं बघा. गूळपीठ होतंच. पण मी रडत होते ते आणखी एका गोष्टीसाठी. तो मंगळवार पाहिलेलं माणूस गेलं होतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलांनी घरच्या घरी जेवण ठेवलं. नव्या सूनबाईंनी आग्रह केला आणि यांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच मागच्या पायरीवर चहा घेत होतो. ऊन छान होतं. यांनी बशीत चहा ओतला आणि मला काय वाटलं कोण जाणे, चाळीस वर्षांत जे कधी काढलं नव्हतं ते मी काढलं.

"तुम्ही मंगळवारचं कधीच सांगत नाही."

"कुठला मंगळवार?"

"दसऱ्याच्या आधीचा. मी आले होते तो."

"तू? कुठं आली होतीस?"

"कराडला. एकटी. आईंनी गूळ-पाणी दिलं. तुम्ही मला स्टँडवर नेऊन बसवून दिलंत."

यांनी बशी खाली ठेवली. आठवून बघितलं, अगदी मनापासून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. मग हसले. "छे गं! तू एकटी कशी येशील? त्या वेळी? आई उभं करून घेती का दारात? न्यायला तर मी आलो होतो." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पोराची समजूत काढावी तसा. "वाट बघून बघून तुला तसं वाटत असेल. होतं असं."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. शाळेत मुलांच्या थापा पकडणाऱ्या माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढली होती, यांची थाप मला नक्की कळली असती. हे खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत असते, तर त्या दुपारी कराडच्या स्टँडवर निदान आम्ही दोघं तरी असतो.